गाळून घेतलेला मध

आमच्या गावच्या मोठ्या ऑफिसात हागवण लागली, तीसुद्धा हुद्द्याप्रमाणे. साहेबांना सगळ्यांत जास्त, खालोखाल हेडक्लार्क भैयाजींना, मग बाकीच्या बाबू लोकांना, आणि शिपाई देवाजीला अजिबात नाही. कारण मधाची वाटणीच तशी झाली होती. साहेबांच्या घरी स्टीलचा डबा गेला, भैयाजींच्या घरी बरणी गेली, बाबूंनी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या भरून नेल्या आणि देवाजीच्या वाट्याला नुसतं मेण आलं.

ऑफिस कोणतं ते मी सांगत नाही. माझं झेरॉक्सचं दुकान त्याच्या फाटकासमोर आहे आणि मला इथंच जगायचं आहे. पण त्या सोमवारी सकाळी संडासापुढे लागलेली रांग मी माझ्या काउंटरवरून पाहिली. एरवी लोकांना रांगेत उभं करणारी माणसं पोट धरून रांगेत उभी होती. एक संडास बंद पडलेला, दुसऱ्याची चावी साहेबांकडे आणि साहेब आत. मला हसू आलं. मग वारा फिरला, वास इकडे आला आणि हसू गेलं.

पण ही गोष्ट त्यांची नाही. ही बाबूभाईची गोष्ट आहे. घाण त्यांनी केली आणि थापली बाबूभाईच्या अंगावर.

बाबूभाई पासष्टीचा. बसस्टँडच्या कोपऱ्यावर मधाचा ठेला. उजवी पापणी कायमची जाड झालेली, बोटांची टोकं काळी, अंगाला धुराचा वास. बाप कल्हईवाला होता. गावोगाव भट्टी मांडून पितळेची भांडी उजळायचा. घरोघरी स्टील आलं आणि तो धंदा विझला, तेव्हा बाबूभाई विशीत होता. आगीची आणि धुराची सवय अंगात होतीच. तो आग्या मोहळाकडे वळला.

आग्या मोहळ म्हणजे रानातल्या मोठ्या माशीचं पोळं. सुपाएवढं, उंच फांदीला उघडंच लटकलेलं. ही माशी पेटीत राहत नाही, कोणाची पाळलेली होत नाही, आणि छेडली तर बैलसुद्धा आडवा करते. आज जिथं ऑफिस आहे तिथं तेव्हा एक काटेसावर होती. दिवाळी झाली की माशा यायच्या, त्याच झाडावर, त्याच फांद्यांवर. वीसपंचवीस पोळी लागायची. शाळेत जाताना आम्ही ती मोजायचो आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा यायचा. त्यावरून मारामाऱ्याही झाल्या आहेत.

बाबूभाई त्या सावरीवर टेंभा घेऊन चढायचा. ते दिवस तो स्वतःहून सांगतो. आपली फजिती सांगणारी माणसं गावात पुष्कळ आहेत. आपली घाण सांगणारा हा एकटाच.

"आधी माहं पाप आइक, बापू," तो मला म्हणाला होता. "टेंभा लावला का माशा फुटान्यावानी फुटत. खाली पाऊस पडे मेलेल्या माशायचा. मंग पोळं धरून पिळाचं. त्यात शहद कमी, अळ्याच जास्त. पांढरं दूध निंघे अळ्यायचं, थेच शहदात मिसळे. थेच इकलं मी वीस साल. तुह्या बापानंही खाल्लं असन."

बापानं खाल्लं होतं. मीही खाल्लं होतं, खोकला झाला की, आल्याच्या रसात. त्या दिवशी घरी जाऊन मी तीनदा चूळ भरली. पंधरा वर्षांपूर्वी गिळलेल्या गोष्टीसाठी चूळ भरून काय होतं, ते विचारू नका.

मग कधीतरी आलापल्लीकडे मध काढणाऱ्यांचं एक शिबिर झालं. बाबूभाई जेवण फुकट आहे म्हणून गेला आणि दुसराच माणूस होऊन परत आला. पोळ्याच्या वरच्या एका कोपऱ्यात मध असतो आणि खाली पिल्लं असतात, एवढीच गोष्ट त्याला तिथं कळली. कोपरा तेवढा कापायचा, खालचं राहू द्यायचं. माशी पोळं सोडत नाही. फुलोरा असला तर तोच कोपरा पुन्हा भरून देते.

"वीस साल मी दुकान लुटत होतो आनि जाता जाता दुकानाले आग लावत होतो," तो म्हणायचा. "आनि वरून बोंब मारत होतो का धंदा मंदा हाय."

त्याच्या बायकोनं, अख्तरीचाचीनं, जुन्या मच्छरदाणीची जाळी लावून त्याला टोपी शिवून दिली. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, तोंडावर जाळी, अशा थाटात तो दिवसाढवळ्या झाडावर चढू लागला. खालून पोरं ओरडायची, "बाबूभाई, नवरी कुठी हाय?" वरून उत्तर यायचं, "हे काय, हजारो हायत! तुले एक पाठवू?"

त्यानंतर बाबूभाईकडून मध घेणं कठीण झालं. तो आधी चौकशी करायचा. खोकल्याला पाहिजे की बाळाला चाटवायला, की नुसताच पोळीशी खायला? हा करंजाचा आहे, हा जांभळाचा, जरा कडवट लागेल. हा पळस-सावरीचा, पातळ आहे, लवकर संपव. बांधावरची रानतुळस कोणी उपटली, तरोट्यावर कोणी तणनाशक मारलं, हे त्याला त्या वर्षीच्या मधाच्या चवीवरून कळायचं आणि तो भर बाजारात त्या माणसाला नावानं हाक मारून सांगायचा. लोक त्याला टाळायला लागले. पण मध त्याच्याकडूनच घ्यायचे. आमच्या गावात पोर जन्मलं की पहिलं बोट बाबूभाईच्या मधाचं लागतं, मग ते पोर कोणत्याही घरचं असो.

मग सावर कापली. तीन दिवस मशीन चालली. कशासाठी, तर ऑफिसच्या नव्या इमारतीसाठी. जागेभोवती रुई होती, रानतुळस होती, तरोटा होता, सगळं खरवडून काढलं. इमारत झाल्यावर तिथं हिरवं गालिच्याचं गवत लावलं आणि कुठून तरी ट्रकनं परदेशी झुडपं आणली. त्यांना बाराही महिने झगमग फुलं असतात. त्या फुलांवर एकदाही माशी बसलेली मी पाहिली नाही. तीच फुलं कागदाची लावली असती तर निदान पाणी वाचलं असतं.

दिवाळी झाली आणि माशा आल्या. जागा तीच, फक्त झाड नव्हतं. दोन दिवस त्या हवेत घोंघावत फिरल्या आणि शेवटी पोर्चच्या स्लॅबखाली सात पोळी लागली. साहेबांना वाटलं, माशांनी अतिक्रमण केलं. माशांना बहुधा उलटं वाटलं असावं.

तीन महिने कोणी काही बोललं नाही. माशा वर, माणसं खाली. फेब्रुवारीत बातमी आली की सोमवारी 'सुंदर कार्यालय' स्पर्धेची तपासणी कमिटी येणार. मग भैयाजींनी बाबूभाईला बोलावलं. बोलणं फाटकातच झालं, म्हणून मी ऐकलं.

"बाबूभाई, सोमवारच्या आत हे काढा."

"अबी नाई निंघत, भैयाजी. पिल्लं भरली हायत. पळस फुलून राह्यला. जांभळाचा फुलोरा झडला का आपल्या आप जातीन थ्या. तवरोक मी मोठी जाळी बांधून देतो, तुमी मागच्या दारानं या-जा करा. मेहमान हायत."

"सरकारी इमारतीत मेहमान ठेवता येत नाहीत. परवानगी लागते."

"मंग सावर कापाची परवानगी माशायले इचारून घेतली होती काय जी?"

भैयाजी हसले, पण दातांनीच. "जाळून टाका ना सरळ. पूर्वी जाळतच होते ना तुम्ही?"

"जाळत होतो," बाबूभाई म्हणाला. "म्हनूनच नाई म्हनून राह्यलो." आणि ठेल्याकडे चालता झाला.

रविवारी सकाळी देवाजीला कामाला लावलं. देवाजी कंत्राटी शिपाई. घरी बायको गिरजाबाई आणि चामोर्शीला शिकणाऱ्या दोन पोरी. नाही म्हणायची सोय नव्हती. दोन ब्लँकेटं, वर रेनकोट, डोक्यावर हेल्मेट, पाठीवर धानावर फवारायचा पंप आणि पंपात तुडतुडे, म्हणजे धानावरची कीड, मारायचं औषध. अंधुक उजेडातच त्यानं सुरुवात केली असावी. मी दुकान उघडलं तेव्हा संपत आलं होतं.

पोर्चखाली माशांचा थर पडला होता, गहू वाळत घालावेत तसा. त्यातल्या अर्ध्या अजून मेल्या नव्हत्या. पाठीवर पडून पाय हलवत गोल गोल फिरत होत्या. ओल्या पंखांचा बारीक चरचर आवाज येत होता. देवाजी खराट्यानं त्यांना नालीत लोटत होता आणि लोटताना मान फिरवत होता. मग बांबूनं पोळी पाडली. ती त्या नव्या फरशीवर फाटकन फुटली आणि पांढऱ्या अळ्या, पिवळा मध आणि निळसर औषध यांचा एकच रेंदा पसरला. चपला चिकटत होत्या. कुत्रं आलं, हुंगून मागं सरकलं. कुत्र्यानंही ज्याला तोंड लावलं नाही, त्याच्याभोवती थोड्याच वेळात डबे जमले.

भैयाजी सुट्टीच्या दिवशी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आले असावेत. मागोमाग तीन बाबू. साहेब गाडीतून उतरले नाहीत, त्यांचा डबा उतरला.

देवाजी म्हणाला, "भैयाजी, औषध हाय जी त्याच्यात."

"अबे, औषध माशीवर मारलं ना तू? मध तर आत होता. गाळून घेऊ."

गाळायला फडकं सापडेना. मग साहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर असतो तो पांढरा टॉवेल आणला. तीन बाबू आणि देवाजी अशा चौघांनी चार टोकं धरली आणि भैयाजींनी वरून रेंदा ओतला. खात्री पटावी म्हणून मध दोनदा गाळला, दुसऱ्यांदा टॉवेल उलटा करून. काम झाल्यावर टॉवेल नळाखाली धरला, पिळला आणि वाळत घालून संध्याकाळी पुन्हा खुर्चीवर.

मलाही हाक मारली, मधाचं एक बोट पुढं केलं. मी चाटलं. हे लपवत नाही. समोर सगळं पाहत होतो, मेलेल्या माशा पायाखाली होत्या, तरी चाटलं. फुकट होतं आणि गोड होतं. दुपारी दुकानामागच्या नालीत दोनदा ओकलो, आणि त्याच नालीतून त्या माशा वाहत होत्या.

सोमवारी कमिटी आली तेव्हा निम्मं ऑफिस सलाईनवर होतं. कमिटीनं विचारलं, काय झालं? आता सरकारी पोर्चात विष मारून तोच मध सरकारी टॉवेलानं गाळून खाल्ला, असं कागदावर लिहिता येत नाही. तसा रकानाच नसतो. म्हणून ऑफिसनं लिहिलं, बसस्टँडवरील मधविक्रेते बाबूभाई यांच्याकडून घेतलेल्या मधामुळे कर्मचाऱ्यांना विषबाधा. संध्याकाळपर्यंत ठेल्याला सील लागलं. नोटिशीच्या आठ प्रती निघाल्या. माझ्याच मशीनवर निघाल्या. कागद अडकला असता तर मला आवडलं असतं, पण त्या दिवशी मशीन कधी नव्हे ती नीट चालली.

आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एरवी हरवलेल्या शेळ्या आणि वाढदिवस असतात. दोन दिवसांत तिथं मधाला धर्म चिकटला. ज्यांच्या पोरांच्या जिभेवर पहिलं बोट बाबूभाईचं लागलं होतं, त्यांनीच 'यांच्या हातचं' असं लिहून पुढं पाठवलं. मला तो औषधाचा वास आठवला. तो गाळून जात नाही, हे मला एव्हाना ठाऊक झालं होतं.

मी त्याच्या घरी गेलो तेव्हा ओट्यावर बाटल्यांची रांग होती. लोकांनी मध परत आणून ठेवला होता. कोणी हाक मारली नव्हती, नुसतं ठेवून गेले होते. अर्ध्या वापरलेल्या, तळाला बोटभर उरलेल्या बाटल्या. एकीला अजून चमचा चिकटलेला होता. अख्तरीचाची प्रत्येक बाटली पुसून भिंतीशी लावत होती.

"चाळीस साल डंख खाल्ले यानं," ती म्हणाली, "कभी ऐसा नाई सुजला." आणि घरात बोट दाखवलं. बाबूभाई भिंतीकडे तोंड करून बसला होता. चेहरा खरंच सुजलेला दिसत होता.

मी निरोप घेऊन गेलो होतो. भैयाजींनी मला बोलावून एक ओळ टाइप करायला सांगितली होती: 'माझ्याकडून नजरचुकीने खराब मध विकला गेला.' गुरुवारी अन्न तपासणीचे साहेब सुनावणीला येणार. खाली सही केली की सील निघेल आणि प्रकरण मिटेल.

बाबूभाईनं कागद हातातही घेतला नाही. "वाचून दाखव."

मी वाचलं.

"खराब शहद माह्या हातून गेलं नाई असं नाई. वीस साल गेलं. थे मी सोताच्या तोंडानं सांगतो. पन हे नाई. एकदा हे लिवलं का माह्या नावावर जहर चढलं. मंग ठेला घेऊन करू काय? त्यावर बसून भजे तळू?"

"देवाजीले बोलव ना," चाची म्हणाली. "थो खरं सांगन. त्यानंच तर मारलं."

"नाई." बाबूभाई पहिल्यांदा वळला. "त्याच्या दोन पोरी शिकून राह्यल्या. त्याची नोकरी खाऊन मले शहद इकाचा नाई. तू बी त्याच्या घरी जाशीन नोको, अख्तरी. सांगून ठेवतो."

गुरुवारी सुनावणी साहेबांच्या खोलीत होती. टाइप केलेला कागद आणि प्रती घेऊन मलाही बोलावलं होतं. तपासणीचे साहेब घाईत होते. टेबलावर पुरावा म्हणून तो स्टीलचा डबा. साहेबांच्या घरचा, फ्रीजमध्ये ठेवलेला, अजून निम्मा भरलेला. म्हणजे पोट बिघडून तीन दिवस झाले तरी माणसानं तो फेकला नव्हता. साहेब खुर्चीत बसले होते, पाठीमागे टॉवेल.

"हा मध तुमचाच?" तपासणीच्या साहेबांनी विचारलं.

बाबूभाईनं झाकण उघडून वास घेतला. "फूल पळसाचं हाय. वास मातर पळसाचा नाई."

"हो की नाही तेवढं सांगा."

"साहेब म्हनतेत माहं हाय. माहं असन तर मले खाल्ल्यानं काही होनार नाई." त्यानं सदऱ्याची बाही वर केली. "मी खातो. सगळा डबा खातो. तुमी बसा, पाहा."

साहेब खिडकीबाहेर पाहू लागले. भैयाजींनी फाईल उघडली आणि जिथं काहीच लिहिलेलं नव्हतं त्या पानावर बोट ठेवून वाचू लागले. डब्यात काय आहे हे दोघांनाही पोटापासून माहीत होतं. आणि दोघंही गप्प होते. पासष्ट वर्षांचा माणूस त्यात हात बुडवतोय, तर बुडवू देत. मीही तिथंच होतो. मी हातातल्या प्रती पुन्हा मोजू लागलो. आयुष्यात मी बऱ्याच घाणी पाहिल्या आहेत. त्या खोलीतल्या शांततेएवढी किळस मला कशाचीच आली नाही, आणि त्या शांततेत एक वाटा माझाही होता.

बाबूभाईची चार बोटं मधात बुडाली. वर आली. तोंडाजवळ गेली.

तेवढ्यात पाण्याचा ट्रे खाली पडला. पाणी घेऊन आत आलेल्या देवाजीनं बाबूभाईचं मनगट धरलं होतं.

"नोका खाऊ, बाबूभाई!" तो ओरडला. "तुडतुड्याचं औषध हाय त्यात. मीनंच मारलं जी, ह्याच हातानं मारलं. पोर्चातलं हाय थे."

"देवाजी!" भैयाजी म्हणाले.

"काय देवाजी? तुमीच म्हनलं गाळून घेऊ. मी सांगतलं होतं ना तुमाले?" देवाजी मनगट सोडत नव्हता. "मानूस मरते का पाहून राह्यले काय तुमी?"

तपासणीच्या साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. "गाळलं म्हणजे? कशानं?"

देवाजीनं हातानं दाखवलं. सगळ्यांच्या माना साहेबांच्या खुर्चीकडे वळल्या. पांढऱ्या टॉवेलावर मोठा पिवळसर डाग होता. त्याच्या कडेनं मुंग्यांची रांग वर चढलेली होती आणि डागावर पोचलेली प्रत्येक मुंगी मेलेली होती. साहेबांनी पाठ खुर्चीपासून हळूच सुटी केली. त्यांचा शर्ट चिकटला होता. तो सुटताना जो आवाज झाला, तो माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

त्यानंतर काय झालं ते पाहा, म्हणजे हे जग कसं चालतं ते कळेल. ठेल्याचं सील निघालं. अहवालात विषबाधेचं कारण 'अज्ञात' झालं. देवाजीचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपलं आणि वाढवलं गेलं नाही. आणि ऑफिसला 'सुंदर कार्यालय' स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं. प्रमाणपत्र पोर्चातच लावलंय, स्लॅबवरच्या सात काळ्या डागांच्या खाली.

लोक बाबूभाईकडे परत आले. सगळे नाही. आलेल्यांपैकी कोणीही माफी मागितली नाही. अर्ध्या किलोच्या ऐवजी एक किलो घेतला आणि हवापाण्याचं बोलले. बाबूभाईनं पुन्हा प्रत्येकाला विचारलं, खोकल्याला पाहिजे की बाळाला? ओट्यावर परत आलेल्या बाटल्या त्यानं कोणाला पुन्हा विकल्या नाहीत. त्या त्याच्याच घरी संपल्या, चहात. चाची म्हणते, मधाचा चहा प्यायला तिला मुळीच आवडत नाही.

एप्रिलमध्ये चंदन मंडल आला. गावाबाहेर, मुलचेऱ्याच्या वाटेवर त्याची टरबुजाची वाडी आहे. बाबूभाईचा जुना दोस्त. दर उन्हाळ्यात पहिलं टरबूज तो बाबूभाईच्या ठेल्यावर आणून फोडायचा, कारण त्याच्या वेलांवर याच माशा यायच्या. या वेळी त्यानं टरबूज माझ्या काउंटरवर ठेवलं. एका बाजूनं फुगलेलं, दुसऱ्या बाजूनं चेपलेलं, जणू कोणी त्यावर बसून उठलंय.

"सब ऐसाच," तो म्हणाला. "फूल भरपूर, माशी नाई. मी आणि माझी बायको रोज सकाळी नर फूल तोडून मादी फुलावर घासत फिरतो. दोन माणूस किती फूल करणार? माशी तर पगार पण मागत नव्हती." मग त्यानं ऑफिसकडे पाहिलं. "तिथं इतके माणूस आहेत. थोडे पाठवतील काय वाडीत? तसंही बसूनच असतात."

"नको," मी म्हटलं. "फुलं खाऊन टाकतील."

तोही हसला, पण टरबूज फोडलं नाही. तसंच ठेवून गेला. चार दिवस ते काउंटरवर होतं. मग एका बाजूनं नासून पाणी सुटलं, चिलटं जमली, आणि मी ते नालीत टाकलं.

देवाजी आता बाबूभाईबरोबर असतो. चाचीनं दुसरी टोपी शिवली, गिरजाबाईनं पोरींच्या जुन्या गणवेशाचा पांढरा सदरा उसवून मोठा करून दिला. देवाजीचं पहिलं काम कोपरा कापायचं नव्हतंच. महिनाभर तो नुसता झाडाखाली बसून वर पाहत होता. बाबूभाई म्हणाला, "इतक्या मारल्या ना, आता पाह्य त्यायले जराशा." त्यांनी दोघांनी मिळून आसपासचं रान पालथं घातलं. मार्कंड्याच्या रस्त्यापर्यंत जाऊन आले. शेवटी गावाच्या वेशीवरच्या बेहड्यावर दोन पोळी सापडली. पंचवीसची सात झाली होती, सातांची दोन.

आणि त्या बेहड्याच्या बुंध्यावर लाल रंगाचा आकडा होता. रस्ता रुंद होणार आहे.

बाबूभाई माझ्याकडे अर्ज टाइप करायला आला. झाड राहू द्या, रस्ता दोन हात सरकवा, निदान जांभूळ झडेपर्यंत थांबा. मी टाइप केलं. "अर्जदाराचं नाव?" मी विचारलं.

"बाबूभाई." तो पडद्याजवळ वाकला. "पुढं लिव, शहदवाला. मोठ्या अक्षरात लिव."

अर्ज द्यायचा होता समोरच, त्याच ऑफिसात. मी, बाबूभाई आणि देवाजी, तिघं गेलो. देवाजी पोर्चखालून जाताना वर न पाहता गेला. भैयाजींनी अर्ज घेतला, चष्मा लावला, नीट वाचला. शिक्का मारला. मग चष्मा काढला, आजूबाजूला पाहिलं, टेबलावरून पुढं वाकले आणि आवाज खाली आणून विचारलं,

"दोन पोळी म्हणता... मध किती निघेल?"

बाबूभाईनं अर्जाची शिक्का मारलेली प्रत घडी करून सदऱ्याच्या खिशात घातली.

"निंघन ना, भैयाजी," तो म्हणाला. "टॉवेल घेऊन या."